रामीच्या घरात ‘पुरे’ म्हणत नाहीत

खोडाळ्याच्या वरच्या अंगाला करवंदपाडा आहे. तिथे रामीच्या घरात काहीही बोललेलं चालतं. शिव्या चालतात, सरकारला नावं ठेवलेली चालतात, एखाद्या पाहुण्याने दोन घोट जास्त घेऊन व्याह्याच्या सात पिढ्या उद्धरल्या तरी कोणी मनाला लावून घेत नाही. एकच शब्द चालत नाही. तो म्हणजे ‘पुरे’.

‘नको’ तिला आवडत नाही, पण ते ती ऐकलं न ऐकलं करते. ‘पुरे’ कानावर पडलं की मात्र तिच्या हातातली पळी जागच्या जागी थांबते. मग ती जेवणाऱ्याच्या कपाळाला हात लावते, जीभ बाहेर काढायला लावते, डोळ्याची खालची पापणी ओढून आत लाल आहे की पांढरं ते बघते. एवढी तपासणी झाल्यावर ती दुप्पट वाढते. जेवणाऱ्याची प्रकृती उत्तम निघाली तरी दुप्पटच.

पाड्यावरच्या लोकांना हे ठाऊक आहे, म्हणून ते जपून असतात. फसतात ते बाहेरचे. एकदा लाईनमन आला. चार दिवस पाड्याला उजेड नव्हता. त्याने खांबावर चढायच्या आधी रामीच्या ओटीवर पाणी मागितलं, ही त्याची पहिली चूक. पाण्यापाठोपाठ भात आला, उडदाची आमटी आली, नागलीच्या भाकरी आल्या, आणि चौथ्या भाकरीला तो बिचारा सगळी माणसं म्हणतात तसं ‘पुरे’ म्हणाला. त्यानंतर त्याला खांबावर चढता आलं नाही. ओटीवरच आडवा झाला तो थेट दिवस मावळताना उठला आणि उद्या येतो म्हणून गेला. पाडा आणखी एक रात्र अंधारात राहिला. लोक रामीवर चिडले, पण ती आपली समाधानात. दिव्याचं काय, तो उद्याही पेटेल, असं तिचं म्हणणं. माणूस उपाशी खांबावर चढला असता आणि चक्कर येऊन पडला असता तर तुम्ही काय केलं असतं, असं तिने उलट विचारलं आणि सगळ्यांना गप्प केलं. तिच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. घातलाच तर तिथेच जेवावं लागतं.

सगळ्यात जास्त सोसलं ते तिच्या एकुलत्या एका मुलाने, दिपेशने. दिपेश खोडाळा–मोखाडा–जव्हार अशी जीप चालवतो. पस्तिशी ओलांडलेला, स्वभावाने गरीब, आणि अंगाने असा की गाडीत बसला की जीप आधी उजवीकडे कलते आणि मग सुरू होते. पूर्वी त्याच्या पोटात आणि स्टेअरिंगमध्ये हात मावायचा. पुढे पुढे वाराही जाईना. घाटातलं वळण घ्यायचं तर त्याला श्वास आत ओढून धरावा लागे. नेहमीच्या प्रवाशांना ते इतकं सवयीचं झालं होतं की ड्रायव्हरने दम धरला की सगळे मुकाट्याने दांडी पकडत.

‘पुरे’ म्हणता येत नाही म्हटल्यावर दिपेशने लहानपणापासून दुसरी भाषा तयार केली होती. ‘मागून घेतो.’ ‘जरा दम खातो.’ ‘आधी पाणी पितो.’ रामीपाशी प्रत्येकाचं उत्तर होतं. मागून घेतो म्हटलं तर ती मागचं आताच वाढायची. दम खातो म्हटलं तर दमाबरोबर भातही खा म्हणायची. ताट उचलून पळावं तर चालत्या ताटात वाढायचा तिचा हात बसला होता. ताटात हात धुतला तर दुसरं ताट येई. त्याचा बाप काळ्या या सगळ्यातून सुटला होता, कारण तो समोर येईल ते निमूट खायचा आणि तरी बाजेच्या सुंभासारखा सुकलेलाच राहायचा. त्याच्या अंगाला काही लागतच नाही हे बघून रामीने त्याचा नाद सोडला होता. हा माणूस म्हणजे गळकं मडकं आहे, असं ती चारचौघांत सांगे, आणि काळ्या मान हलवून दुजोरा देई.

दिपेशची बायको पुष्पा अंगणवाडीत सेविका. तिची तर वेगळीच पंचाईत. पोरांची वजनं घ्यायच्या दिवशी रामी टोपलीभर भाकरी घेऊन तिच्या आधी अंगणवाडीत हजर. पोरं काट्याच्या झोळीत बसायच्या आत ती त्यांना खाऊ घालायची. मग काय, सगळी पोरं तट्ट फुगलेली. पुष्पाने कितीदा समजावलं की आत्या, असं वजन खरं नसतं. रामी म्हणायची, पोटात गेलेलं खोटं कसं गं असेल? एकदा पुष्पाने एका पोराबद्दल घरी सहज सांगितलं की त्याची वाढ थांबलीय. रामी लगेच म्हणाली, त्याच्या आईने वाढायचं थांबवलं असेल, वाढलं की वाढ होते. पुष्पाने या विषयाची तीन शिबिरं केली होती, पण मराठी भाषाच सासूच्या बाजूने उभी राहिल्यावर ती तरी काय करणार.

असं सगळं चाललं होतं, तोवर दिपेशच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल चावली.

चप्पल कोणालाही चावते. पण हे महिनाभर बरं होईना. हळद झाली, पाला बांधून झाला, खोडाळ्याच्या दुकानातलं मलम झालं. अंगठा काळपट पडायला लागला तेव्हा पुष्पाने त्याला ओढून जव्हारला दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. तीही थोडीथोडकी नाही. त्यांनी गोळ्या दिल्या, पट्टी कशी बदलायची ते दाखवलं, आणि स्पष्ट सांगितलं की गोळ्यांनी निम्मंच काम होईल, उरलेलं निम्मं ताटात आहे. जेवण अर्ध्यावर आणा. नाही आणलं तर हा अंगठा काढायची वेळ येईल, आणि कदाचित तेवढ्यावर थांबणारही नाही. उजव्या पायाचा अंगठा गेल्यावर ब्रेकवर पाय कसा ठरणार आणि जीप कशी चालणार, हे ड्रायव्हरला वेगळं सांगायला नको. दिपेशला दरदरून घाम फुटला. डॉक्टरीणबाईंना वाटलं अंगठ्याच्या भीतीने. त्याला आईचा चेहरा दिसत होता.

घरी आल्यावर पुष्पाने सगळं सांगितलं. रामीने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिचा राग डॉक्टरवर नाही, थेट सरकारवर निघाला.

‘तवा गाड्या भरभरून आले नि म्हणाले, पोरांना खायला घालत नाय तुम्ही. आता म्हणतात, लय खायला घालता. आधी आपसात ठरवा म्हणावं, काय ते.’

आणि तिने दिपेशच्या ताटात भात वाढला. आजारी माणसाला जास्त लागतो, हे कोणीही सांगेल.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं त्याला युद्धच म्हणायला हवं. पुष्पा मोजून भाकरी करायची, रामी मागच्या चुलीवर वेगळ्या थापायची. पुष्पाने जेवायला बसायची वेळ बदलली, तर रामी वेळेच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे वाढू लागली. घरात पहारा बसल्यावर तिने जीप गाठली. गाडीच्या कप्प्यात भाकरी, सीटखाली भाकरी, जॅक ठेवायच्या पेटीत फडक्यात बांधलेली सुकटीची चटणी. एकदा मोखाड्याच्या नाक्यावर पोलिसाने कागद मागितले आणि दिपेशने कप्पा उघडला तर कागदांच्या आधी दोन भाकरी बाहेर आल्या. साहेबांनी कागद नीट तपासले, पण पुढच्या खेपेला चटणीची चौकशी केली.

आणि दिपेश? दिपेश खात होता. कोणी म्हणेल, एवढा बाप्या माणूस, तोंड उघडून सांगता येत नाही? नव्हतं येत. त्याने दोनदा प्रयत्न केला होता. शब्द गळ्यापर्यंत येई, आई पळी घेऊन समोर उभी असे, तिचे डोळे त्याच्या तोंडावर लागलेले असत, आणि शब्दाच्या जागी त्याच्या तोंडात घास जाई. पुष्पा रडली, रागावली, माहेरी जाऊन चार दिवस राहिली. तेवढ्या चार दिवसांत त्याचं वजन आणखी वाढलं. अंगठा होता तसाच काळा.

मग जव्हारहून फोन आला. दिपेशची मुलगी हर्षदा तिथल्या वसतिगृहात राहून नववीत शिकत होती. फोन तिथल्या बाईंचा. हर्षदाच्या पेटीपासून खिडकीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती, म्हणून पेटी उघडली. आत कपडे थोडे आणि भाकरी, केळी, बिस्किटं जास्त, काही तर कधीची कोण जाणे. बाई रागावल्या नव्हत्या, काळजीत होत्या. त्या म्हणाल्या, मुलगी गुणाची आहे, पण तिच्या तोंडात नाही हा शब्दच नाही. कोणी ताटात काही टाकलं की खाते, मग पोट दुखतं म्हणून मोरीत जाऊन रडते. कोणी काम सांगितलं की करते. कबड्डीत नाव आहे, भाषणात आहे, रांगोळीत आहे, आणि स्नेहसंमेलनाला एकाच संध्याकाळी ती एका नाटकात झाड आहे आणि दुसऱ्यात पोलीस. दोन्हींच्या मध्ये कपडे बदलायला वेळच नाही, हेही तिने कोणाला सांगितलेलं नाही. चार दिवस घरी न्या, बोला तिच्याशी.

शनिवारी दिपेश तिला घेऊन निघाला. परतीच्या खेपेला गाडी रिकामीच होती. वाटेत दिपेशने विचारलं, पेटीत भाकरी कशाला ठेवायचीस गं? हर्षदाने खांदे उडवले. संपेल असं वाटतं, म्हणाली. काय संपेल ते तिलाही सांगता येईना. त्या पोरीने जन्मात उपास पाहिला नव्हता, तिच्या घरात कोणी भुकेलं झोपलं नव्हतं. तरी तिला वाटत होतं की संपेल. हे कुठून आलं असेल, याचा विचार करता करता दिपेशचा श्वास धरायचा राहून गेला आणि वळणावर स्टेअरिंग पोटात रुतलं.

‘बाबा,’ हर्षदा बाहेर बघत म्हणाली, ‘तू आजीला एकदा म्हण ना.’

‘काय?’

‘तेच. तू म्हटलंस की मलापण म्हणता येईल.’

अंगठ्याने जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. आपला पाय गेला असता तर दिपेशने तोही आईच्या ताटासारखा मुकाट्याने सोसला असता. पण हे पोरीच्या पेटीत शिरलेलं त्याला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बापाजवळ खळ्यावर जाऊन बसला. काळ्या फार बोलणारा माणूस नाही, त्यामुळे तो बोलला की ऐकावं लागतं. दिपेशने विचारलं, आई त्या शब्दाला एवढी का घाबरते? काळ्याने विडी विझवली.

त्यांचं आधीचं घर वावर गावाच्या बाजूला होतं. दिपेशला अंधुक आठवत होतं. त्याला एक धाकटी बहीण होती हेही माहीत होतं, पण तिच्याबद्दल घरात कधी बोलणं निघत नसे. तिचं नाव चिमी. दिपेश चार वर्षांचा, ती दोनाची. त्या वर्षी त्या बाजूच्या पाड्यांवरून पोरं गेली, एकामागून एक, तशी चिमीही गेली. शेवटी शेवटी ती खाईना. आई चमचा पुढे करायची आणि ती तोंड फिरवायची. ‘पुले’ म्हणायची. तिला ‘र’ यायचा नाही. तोच तिचा शेवटचा शब्द. मग गाड्या आल्या, फोटो काढणारे आले, चारजणांनी चारदा रामीला विचारलं की पोरीला काय खायला घालत होतीस. पहिल्यांदा तिने सांगितलं. नंतर तिने बोलायचंच सोडलं. दोन पावसाळे ती कोणाशी धड बोलली नाही. काळ्याने मग ते घर मोडलं आणि मामाच्या आधाराने इकडे करवंदपाड्याला आला. इथे आल्यावर एक दिवस तिने शेजारच्या पोराला हाक मारून भाकर दिली, आणि काळ्याला वाटलं, चला, बाई माणसात आली. म्हणून त्याने तिला कधी अडवलं नाही. स्वतः निमूट खात राहिला.

दिपेशने विचारलं, मग मी कसं म्हणू?

‘म्हण,’ काळ्या म्हणाला. ‘पण म्हणून पळू नको. तिच्यापुढं ऱ्हा. जिता दिसत ऱ्हा.’

मोखाड्याच्या बाजाराचा दिवस उजाडला. सकाळची जेवणं चालली होती. दिपेशने दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी येताना दिसली, तसा त्याने ताटावर हात आडवा धरला.

‘आये, पुरे.’

चुलीजवळ पुष्पाचा हात थांबला. हर्षदा घास तोंडात घेऊन तशीच राहिली. काळ्याने पहिल्यांदाच जेवताना वर बघितलं. रामी पुढे झाली, तिने मुलाच्या कपाळाला हात लावला, जीभ बघितली, पापणी ओढली. दिपेशने सगळं करू दिलं, पण ताटावरचा हात काढला नाही. ती भाकर घेऊन त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने भाकर टोपलीत ठेवली, टोपलीतल्या सगळ्याच भाकरी फडक्यात बांधल्या, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर जाऊन जीपच्या पुढच्या सीटवर बसली.

आज ती मुलाला नजरेआड होऊ देणार नव्हती. दिपेशने गाडी सुरू केली.

त्या दिवशी जे त्या जीपमध्ये बसले ते अजून ती खेप विसरलेले नाहीत. रामीचा एक हात दिपेशच्या पाठीवर. दर वळणाला ती त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे का बघे. नेमका तेव्हाच तो वळणासाठी दम धरी, त्यामुळे दर वळणाला ती ओरडे आणि गाडी थांबे. नवीन माणूस गाडीत चढला की ती त्याला सांगायची, ह्याने सकाळी पुरे म्हटलंय. तिला ओळखणारे लोक हे ऐकून खरंच घाबरले. एकाने भगताकडे न्यायचा सल्ला दिला, दुसऱ्याने लिंबू उतरवायचा. एक निवृत्त गुरुजी म्हणाले की यात वाईट काही नाही, मीही रोज म्हणतो. तेव्हा रामीने त्यांचीही पापणी ओढून बघितली. फडक्यातल्या भाकरी तिने प्रवाशांत वाटून टाकल्या. मुलगा खात नाही म्हटल्यावर कोणीतरी खायला हवंच होतं. मोखाड्याच्या स्टँडवर बातमी जीपच्या आधी पोचली होती, असं प्रवासी सांगतात, आणि बाकीचे ड्रायव्हर दिपेशला बघायला आले. त्याने सगळ्यांना हात केला. जिता दिसत राहायचं होतं.

मोखाड्याहून जव्हारची खेप भरली. बाजार करून परतणाऱ्या बाया मागे दाटीने बसल्या. रामीचं पुरे-पुराण पुन्हा सुरू झालं तशी मागून एक म्हातारी म्हणाली, कोण, रामी का गं? ती वावर गावची गंगी होती. एकेकाळी दोघींची घरं हाकेच्या अंतरावर. गंगीने मागूनच हात लांबवून रामीचा खांदा धरला आणि म्हणाली, चिमीची आई ना तू. इतक्या वर्षांत ते नाव रामीसमोर कोणी घेतलं नव्हतं. दिपेशने गाडीचा वेग कमी केला. त्याला वाटलं, आता आई रडेल. रामी रडली नाही. ती समोर काचेतून बघत बोलायला लागली, जणू रस्त्यालाच सांगत होती.

‘ती पुले म्हणाली नि मना बरं वाटलं गं, गंगे. मडक्यात पेजच थोडी व्हती. म्हटलं, हिचं झालं. तिची राहिलेली मी ह्याला पाजली.’

दिपेशने दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं होतं. आपल्या पोटात काय आहे आणि आई इतकी वर्षं कोणाच्या वाटचं त्याला भरवत होती, ते त्याला आता कळत होतं, आणि त्याला एवढं रडू आलं की रस्ता दिसेना. त्याने गाडी कडेला घेतली.

गंगीने रामीचा खांदा सोडला नाही. ‘माझ्या सोम्याने बी तोंड फिरवलं व्हतं,’ ती म्हणाली. ‘पोरांची भूकच मरती गं. चमचा कितीबी धर, घेत नाय. तू मारली नाय तिला. मी बी नाय मारला.’ मग जरा थांबून तिने नाक पुसलं. ‘नि ह्याला पाजलीस म्हणून आज आपल्याला जीप हाय. नाय तर जव्हारला पायी जायला लागलं असतं.’

आधी एक बाई हसली. मग सगळी गाडी हसली, डोळे पुसत पुसत. रामीही हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं ते बराच वेळ थांबलं नाही. कोणी तिला गप्प केलं नाही. मागची एक बाई म्हणाली, माझी पारू. दुसरी म्हणाली, माझ्या मोठ्या जावेचा एक, त्याचं तर नावही ठेवलं नव्हतं. तरणी माणसं मान खाली घालून ऐकत होती. गाडी पुन्हा सुरू झाली ती अशी हळू की मागून सायकलवाले पुढे गेले, पण उशीर होतो म्हणून कोणी कुरकुरलं नाही. एका बाईचं उतरायचं ठिकाण मागे राहिलं. तिने जव्हारला पोचल्यावर सांगितलं, आणि मोखाड्याकडे जाणाऱ्या दुसऱ्या जीपने परत गेली.

परतीला दोघंच पुढे होते आणि मागे चार प्रवासी. रामी आता पाठीवर हात ठेवत नव्हती. हातपाय सैल सोडून बसली होती, मधूनच पेंगत होती. मोखाडा सोडून खोडाळ्याच्या वाटेला लागले, तसा गाडीत कुठेतरी घुर्रर आवाज आला. दिपेशने गिअर बदलून पाहिला. पुन्हा आवाज. त्याने इंजिन बंद करून कान दिला. इंजिन बंद, तरी आवाज चालूच. मागचा एक प्रवासी म्हणाला, अरे, तुझ्या पोटातून येतोय. दिपेशने पोटावर हात ठेवला. आत काहीतरी ओढल्यासारखं, रिकामं रिकामं वाटत होतं, हातपाय जरा ढिले पडले होते. आधी त्याला वाटलं साखरेचंच काहीतरी. मग त्याच्या लक्षात आलं. आठवतंय तेव्हापासून त्याला हे कधी झालंच नव्हतं. होऊच दिलं गेलं नव्हतं.

‘आये,’ तो म्हणाला, ‘भूक लागली.’

रामी खडबडून जागी झाली. ‘काय?’

‘भूक लागली गं.’

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पुरे म्हटल्यानंतर हे म्हणायला कोणी जितं राहतं, हे तिला माहीत नव्हतं. चिमीनंतर तिने कोणाला ‘भूक’ या शब्दापर्यंत पोचूच दिलं नव्हतं.

‘परत बोल,’ ती म्हणाली.

दिपेश परत बोलला. मागच्या प्रवाशाने पिशवीतल्या शेंगा पुढे केल्या, पण रामीने हाताने त्या मागे सारल्या. घरी चला, म्हणाली. उरलेल्या वाटेत तिने त्याला आणखी दोनदा म्हणायला लावलं.

घरी पुष्पाने पानं मांडली होती. काळ्या आणि हर्षदा वाट बघत बसले होते. रामीने हातपाय धुतले, चुलीपुढे बसली, भाकरीची टोपली मांडीजवळ ओढली. दिपेश ताटावर बसला. रामीने एक भाकर हातात घेतली आणि थांबली.

‘किती वाढू?’

हे तिने आजवर कोणालाही विचारलं नव्हतं. किती लागते ते दिपेशला ठाऊकच नव्हतं, मोजायची पाळीच कधी आली नव्हती. त्याने पुष्पाकडे बघितलं. पुष्पा लाकूड पुढे सारत चुलीत बघत राहिली. हे तिने सांगायचं नव्हतं.

‘दीड,’ तो शेवटी म्हणाला.

रामीने एक अख्खी वाढली. दुसरी मोडली, दोन्ही तुकडे हातावर ठेवून तोलून पाहिले आणि त्यातला एक त्याच्या ताटात ठेवला. तो अर्ध्यापेक्षा बराच मोठा होता. हर्षदाला ते दिसलं, पुष्पालाही दिसलं. पुष्पाने ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला, आणि दिपेश जेवायला लागला.